दुसरा टप्पा

त्या शुक्रवारी छावणीत कुणी चूल पेटवली नाही. चुलीचे दगडसुद्धा बायकांनी राख झटकून गोणीत भरले होते. उजाडल्यापासून सगळे आपापल्या गाठोड्यांवर बसून रस्त्याकडे डोळे लावून होते. युद्ध संपून दोन पावसाळे उलटले होते, आणि चिवांदा सोडून तर इतकी वर्षं झाली होती की छावणीतल्या निम्म्या पोरांनी आपलं गाव फक्त ऐकलं होतं. झरा बारमाही आहे म्हणे. आंब्याची झाडं गावप्रमुखांच्या, सोबांच्या, आजोबांनी लावलेली. माती अशी की काठी खोचली तरी पालवी फुटावी.

बिबियानाने मक्याचं बियाणं फडक्यात बांधून पोटाशी आवळून घेतलं. तेवढं ती ट्रकवर टाकायला तयार नव्हती. नवरा युद्धाच्या शेवटच्या वर्षी गेला, तेव्हापासून ती आणि तिची लेक सेलिना, एवढाच तिचा संसार. पण छावणीतल्या बायकांचा सगळा भार तिच्यावर. शिध्यात तेल कमी आलं की गोदामावर भांडायला बिबियाना, कुणाचं बाळंतपण अडलं की दवाखान्याची गाडी आणायला बिबियाना. तिचा थोरला भाऊ फॉस्तिनो तालुक्याचा प्रशासक होता, त्यामुळे तिचं काम होतं असं काही जणी म्हणत. ती म्हणे, "भावामुळे नाही, जिभेमुळे होतं."

ट्रक आले तशी एकच झुंबड उडाली. सेलिना माकडासारखी पहिल्याच ट्रकवर चढली आणि न्गेव्हे आजीच्या शेजारी, तिच्या बकरीला खेटून बसली. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत फॉस्तिनोची पांढरी जीप आली. ड्रायव्हर खाली उतरला.

"बिबियानाताई, साहेबांनी घरी बोलावलंय. आत्ताच्या आत्ता. लेकीलाही घेऊन या म्हणाले."

"आत्ता? अरे, आम्ही निघालोय."

"मला काय माहीत? घेऊनच ये म्हणाले."

गाव वसवण्याच्या समारंभाला भावाला आपल्याला थाटात जीपमधून न्यायचं असेल, असं बिबियानाला वाटलं. तिने सेलिनाला हाक मारली, पण पोरगी कुठली उतरतेय! "मी आजीबरोबर येते, तू ये मामाबरोबर," म्हणून तिने तोंड फिरवलं. न्गेव्हे आजी हसली. "राहू दे गं. तुझा भाऊ तुला खुर्चीवर बसवेल, आम्ही आजी-नात मातीत बसू. जा!"

बिबियाना जीपमध्ये बसली.

फॉस्तिनोचं घर तालुक्याच्या गावाबाहेरच्या टेकाडावर होतं. नवं छप्पर, नवी गच्ची, अंगणात जनरेटर. दारात त्याची बायको ओदेत उभी होती, पण तिने नेहमीसारखं हसून गालाला गाल लावला नाही. फॉस्तिनो आत कोट घालून येरझाऱ्या घालत होता. टेबलावर मक्याच्या पिठाचं घट्ट पिराव आणि कोंबडीचा रस्सा झाकून ठेवला होता. सकाळच्या त्या वेळी कोंबडी!

"बस. जेव आधी," तो म्हणाला.

"दादा, वेड लागलं का? लोक वाटेला लागले."

"लागू देत. तू थोडे दिवस इथेच राहा. ओदेतची तब्येत बरी नसते. पोरांचे कपडे शिवायचेत. नाताळ झाला की जा गावी, मी स्वतः सोडतो."

"आणि पेरणी? पेरणी काय नाताळानंतर करू?"

"तुला काय कमी पडणार आहे? मक्याची दोन पोती देतो."

बिबियाना ओदेतकडे वळली. "वहिनी, काय झालंय तुला?" ओदेत कमरेच्या फडक्याला नुसता पीळ देत राहिली.

"सेलिना कुठेय?" फॉस्तिनोने विचारलं. "अंगणात सोडलीस?"

"नाही आली ती. ट्रकवर बसलीय, न्गेव्हे आजीपाशी."

फॉस्तिनोच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. तो खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. "मी सांगितलं होतं," तो ड्रायव्हरच्या नावाने ओरडला, "सांगितलं होतं तिला घेऊन ये म्हणून! गाढवा!" मग खिसे चाचपत गाडीची किल्ली शोधू लागला.

लहानपणी वेढ्याच्या दिवसांत हाच फॉस्तिनो शहराबाहेरच्या सुरुंग पेरलेल्या शेतांत शिरून कसाव्याची पानं आणायचा. त्या शेतांतून गेलेल्यांपैकी कुणी परत यायचं, कुणी नाही. तो परत यायचा तेव्हा त्याचा चेहरा अगदी असा असायचा. आज तोच चेहरा या नव्या घरात, कोट घातलेल्या अंगावर बिबियानाने पाहिला.

"दादा," ती हळूच म्हणाली, "गावची जमीन साफ झालीय ना?"

"झालीय. रस्ता झालाय. शाळेचं आवार झालंय."

"आणि बाकीची?"

तो किल्ली शोधत राहिला.

"झऱ्याची वाट? आंब्याखालची? शेतं?"

"ते दुसऱ्या टप्प्यात आहे."

"दुसरा टप्पा कधी?"

"मंजूर होईल. पुनर्बांधणी खात्याचे व्हालेंतिमसाहेब म्हणालेत मंजूर होईल. बिबी, ऐक. सुरुंग काढायचं काम ज्या कंपनीला मिळालं ती इथल्या जनरलच्या जावयाची. त्यांनी माणसं आणली, थोडे दिवस काम केलं, फोटो काढले आणि गेले. पैसे सगळ्या जमिनीचे उचलले. आता पैसे देणाऱ्या संस्थेचे पाहुणे येणार, गाव वसलेलं दाखवायचं, म्हणजे पुढचे पैसे येतील, आणि त्या पैशांत..."

"त्या पैशांत आणखी कुणाचं तरी घर होईल."

"मी काय करणार होतो? नाही म्हणणार होतो? जनरलला? अगं, माझ्या आधीचा प्रशासक नाही म्हणाला. कुठेय तो आता, सांग!"

"लोक झऱ्यावर जातील रे, दादा! पहिल्या दिवशी बायका पाण्याला जातील, पोरं आंब्याकडे धावतील!"

"मी सांगेन त्यांना आवारातच राहायला. पाण्याची टाकी ठेवलीय. हळूहळू करू आपण. आधी सेलिनाला आणतो मी." तो दाराकडे निघाला. ती त्याच्या मागे धावली, तसं त्याने तिला दंडाला धरून आत ढकललं. "तू इथून हलायचं नाहीस. तिथे येऊन बोंब मारलीस तर मीही गेलो आणि तूही. कळलं? ओदेत, हिला बाहेर सोडायचं नाही."

दाराला बाहेरून कडी लागली. जीपचा आवाज टेकाड उतरून गेला.

बिबियानाने दारावर मुठी आपटल्या, खांद्याने धडका दिल्या. खिडक्यांना लोखंडी गज होते, नव्या घराचे नवे गज. शेवटी ती दाराला पाठ टेकून खाली बसली. ओदेत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती.

"वहिनी, मागच्या दाराची किल्ली तुझ्याकडे असते."

"मला संसार आहे, बिबियाना."

"त्या ट्रकांवर बसलेल्यांनाही आहे."

ओदेतचे डोळे भरून आले. "तुला वाटतं हा झोपतो? महिनाभर झोपला नाहीये तो. उठून अंगणात फिरतो. मी विचारते तर म्हणतो, पित्त झालंय." तिने कमरेच्या गाठीतून किल्ली सोडली, पण पुढे केली नाही. "त्याला तुरुंगात घातलं तर माझ्या पोरांना कोण बघणार?"

"मी बघेन."

"तू? तुझ्याकडे काय आहे?"

"काही नाही," बिबियाना म्हणाली. "पण बघेन."

ओदेतने किल्ली तिच्या अंगावर फेकल्यासारखी टाकली आणि पाठ फिरवून रडू लागली.

बाजाराच्या नाक्यावर भाड्याच्या मोटारसायकलींचे चालक झाडाखाली पत्ते कुटत बसले होते. चिवांदाचं नाव काढल्यावर त्यांतला एक उठला. "सगळे ट्रकने फुकट गेले, तुम्ही मात्र पैसे देऊन जाणार? मोठ्या लोकांचं काही कळत नाही बुवा."

"पैसे नाहीत माझ्याकडे. हे बियाणं घे." तिने पोटाशी बांधलेलं फडकं सोडलं.

त्याने फडक्याकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. त्याचं हसू मावळलं. "बांधा ते परत, ताई. बसा. घट्ट धरा."

रस्ता नवा होता, लाल मातीचा, पण सरकारी. मधोमध खड्डे आणि खड्ड्यांत कालचं पाणी. दोनदा गाडी घसरली. दुसऱ्यांदा बिबियाना कोपरावर पडली, पण "लागलं का" असं त्याने विचारायच्या आत ती पुन्हा मागे बसली होती. तिच्या मनात एकच चित्र येत होतं: सेलिना, अनवाणी, आंब्याकडे धावणारी. ती कान देऊन होती. स्फोटाचा आवाज दुरून कसा येतो ते तिला ठाऊक होतं. धप्प, जसं कुणी ओल्या गादीवर काठी मारावी. मोटारसायकलच्या फटफटीत तो आवाज ऐकू येईल की नाही, हेही तिला कळेना.

चिवांदाच्या वळणावर ट्रक रांगेने उभे होते. लाउडस्पीकरवर गाणं चाललं होतं. रस्त्यापासून पिवळ्या नव्या शाळेपर्यंत रुंद पायवाट होती, तिच्या दोन्ही कडांना पांढरे रंगवलेले दगड. शाळेच्या आवारात मांडव, मांडवात खुर्च्या, खुर्च्यांवर पाहुणे. उजवीकडे कमरेइतक्या गवताचा उतार झऱ्याकडे जात होता, आणि पलीकडे ती आंब्याची झाडं, अजून तशीच. त्या उतारावर कवटीचं चित्र काढलेल्या लाल पाट्या असायच्या; गेल्या वर्षी दुरून बघायला आली तेव्हा तिने स्वतः पाहिल्या होत्या. आता एकही नव्हती.

फॉस्तिनोची जीप ट्रकांच्या मागे उभी होती. काचेतून सेलिनाचा रडवेला चेहरा दिसला. बिबियाना धावली. दार बंद होतं. "आई, मामाने मला ओढून आणलं!" सेलिना आतून ओरडत होती. "सगळ्या मुली पाणी आणायला चालल्यात, मलाच नाही! न्गेव्हे आजीने मला पण पाण्याचा भोपळा दिला होता!"

क्षणभर बिबियानाला फक्त बरं वाटलं. लेक सुखरूप होती. तिने काचेला तळहात लावला. आणि मग पोरीचे शब्द तिच्या डोक्यात शिरले.

मांडवाकडे तिने पाहिलं. कमानीला बांधलेली फीत कापून झाली होती. आवाराच्या कडेला, गवताच्या तोंडाशी, आठ-दहा मुली पाण्याचे भोपळे घेऊन ओळीने उभ्या होत्या. गाव पुन्हा वसवायचं तर पहिलं पाणी कुमारिकांनी आणायचं ही जुनी रीत. म्हाताऱ्यांनी ती ऐन वेळी काढली होती आणि फोटोवाल्यांना ती फार आवडली होती. पाण्याच्या टाकीकडे बघायला कुणाला सवड नव्हती. पुनर्बांधणी खात्याचे संचालक व्हालेंतिमसाहेब मुलींच्या पाठीवर हात ठेवून हसत होते. त्यांच्या बाजूला पैसे देणाऱ्या संस्थेची पिकल्या केसांची परदेशी पाहुणी, तिचा दुभाषा, आणि सरकारी गणवेशातले सोबा जांबा. आणि फॉस्तिनो, कपाळाचा घाम पुसत, मुलींकडे न बघता उभा. एकीला त्याने उचलून नेलं होतं. बाकीच्यांसाठी त्याचं तोंड उघडत नव्हतं.

"थांबा!"

ती पायवाटेवरून धावत गेली आणि मुलींच्या पुढे हात पसरून उभी राहिली. "एकीनेही पाऊल टाकायचं नाही! इथली जमीन साफ केलेली नाही. फक्त रस्ता आणि शाळा. बाकी सगळीकडे सुरुंग आहेत!"

गाणं बंद झालं. पोलिसांपैकी दोघे पुढे आले, पण परदेशी पाहुणी उठून उभी राहिली तसे ते थबकले.

सोबा जांबांनी दबक्या आवाजात दटावलं, "बिबियाना, पाहुण्यांसमोर काय हे? घरचं घरी बोलू."

"सोबा, घरचं घरी बोलायला घर तर राहू दे!"

गर्दीतून आवाज उठला. आनंदाने आलेली माणसं होती ती. त्यांना हे ऐकायचंच नव्हतं. "कोण म्हणतं साफ नाही म्हणून?" "हिच्या भावानेच तर साफ झाली म्हणून सांगितलं!" न्गेव्हे आजी बकरीची दोरी हाताला गुंडाळून पुढे आली आणि बिबियानाच्या तोंडासमोर बोट नाचवत म्हणाली, "तुझा भाऊ बंगल्यात राहतो. तुझी पोरगी जीपमध्ये बसलीय. तुला पेरणीची काय घाई? आम्हाला परत त्या छावणीत सडवायचंय होय गं तुला?"

"आजी, माझी पोरगी जीपमध्ये का बसलीय, ते विचार ना! माझ्या भावाला विचार. गावातल्या सगळ्या पोरींतून त्याने तिलाच का उचलून नेलं?"

आजीचं बोट तसंच हवेत राहिलं. मग ती फॉस्तिनोकडे वळली. तिच्यामागून एकेक करत सगळेच वळले.

व्हालेंतिमसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचा आवाज लोण्यासारखा मऊ होता. "बाईंची भीती मी समजू शकतो. युद्धाने सगळ्यांची मनं दुखावलीत. प्रशासकसाहेब, तुमच्या सख्ख्या बहिणीची तुम्हीच खात्री पटवा. झऱ्यापर्यंत जाऊन, ओंजळभर पाणी घेऊन या. पाहुण्यांनाही बरं वाटेल."

दुभाष्याने ते पाहुणीला सांगितलं. फोटोवाल्यांनी कॅमेरे सरसावले.

फॉस्तिनो हसायला गेला. "साहेब, त्याची काय गरज..."

"जा," व्हालेंतिम म्हणाले. हसू तेच, आवाज तोच. "तुम्हीच तर सही केलीत."

फॉस्तिनोने बिबियानाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, विनवणीही नव्हती. वेढ्यातल्या त्या दिवसांत घरातून निघताना तो असाच बघायचा. त्याने कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि गवताच्या कडेशी गेला. पांढरे दगड ओलांडले. एक पाऊल टाकलं. थांबला. दुसरं. गवत त्याच्या कमरेला लागत होतं. कुणी खोकतही नव्हतं. न्गेव्हे आजीची बकरी मात्र ओरडत होती आणि आजी तिचं तोंड हाताने दाबून धरत होती.

तिसरं पाऊल टाकून त्याने चौथ्यासाठी पाय उचलला.

"दादा!" बिबियाना किंचाळली. "नको! थांब! मला नाही बघायचं! मला काही सिद्ध करायचं नाही, मागे फिर!"

उचललेला पाय हवेत थांबला. मग अगदी हळू, जिथून उचलला तिथेच, त्याने तो परत टेकवला. आणि तो तसाच उभा राहिला. पुढेही जाईना, मागेही येईना. मागे वळायचं तर पाय कुठे ठेवायचा? कुठे ठेवला होता हे त्याला आठवत नव्हतं. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"पाट्या मीच काढायला लावल्या," तो गर्दीकडे पाठ करूनच बोलला. आवाज चिरका निघाला, पण इतकी शांतता होती की मांडवातल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला. "गेल्या आठवड्यात. धोक्याचे लाल दगड पांढरे करून घेतले. मला म्हणाले, पाहुण्यांना बरं दिसत नाही. सुरुंगवाले उतारावर आलेच नाहीत. एक दिवससुद्धा नाही. घर मला त्याबद्दल मिळालं. मी कुणाला मारायला निघालो नव्हतो. मला वाटलं, पुढच्या पैशांत होईल. मला वाटलं..." पुढे त्याला बोलता आलं नाही.

"उन्हाचा त्रास झालाय त्यांना," व्हालेंतिम दुभाष्याला म्हणाले. "पाहुण्यांना गाडीकडे न्या."

पण दुभाषा इथलाच होता. राजधानी लुआंडात शिकलेला, तरी याच पठारावरच्या आईचा. तो हलला नाही. फॉस्तिनोचा शब्द न् शब्द तो पाहुणीला सांगत राहिला. पाहुणीने पिशवीतून उपग्रहाचा फोन काढला. शेजारच्या तालुक्यात दुसऱ्या एका संस्थेची सुरुंग काढणारी तुकडी काम करत होती. त्या तुकडीला तिने बोलावून घेतलं.

तुकडी येईपर्यंत ऊन डोक्यावरून कलायला लागलं. तेवढा वेळ फॉस्तिनो गवतात उभा होता. मुलींना त्यांच्या आयांनी ओढून शाळेत नेऊन बसवलं होतं. बिबियाना पांढऱ्या दगडांच्या अलीकडे, त्याच्या अगदी जवळ, पण हात पोचणार नाही इतक्या अंतरावर बसली.

"पाय भरून आले," तो म्हणाला.

"भार बदलू नकोस. नुसता श्वास घे."

"तू हाक मारली नसतीस तर मी गेलो असतो, बिबी."

"माहितीय."

"सेलिनाला दार उघडून दे. किल्ली कोटात आहे. आत गरम होत असेल तिला."

तिने किल्ली काढली आणि सोबा जांबांच्या हातात दिली. सोबा काही न बोलता जीपकडे गेले. तेवढ्यात व्हालेंतिमसाहेबांची गाडी धूळ उडवत निघून गेली. जाताना त्यांनी कुणाचाच निरोप घेतला नाही. पोलिसांना मात्र काहीतरी सांगून गेले.

तुकडीतला माणूस चिलखतासारखं जाकीट आणि तोंडावर जाड काच लावून गवतात पालथा पडला आणि वीतभर वीतभर पुढे सरकू लागला. गवत कापायचं, यंत्र फिरवायचं, सळईने माती टोचायची, की पुन्हा पहिल्यापासून. फॉस्तिनोच्या मागच्या पावलाच्या शेजारी, करंगळीइतक्या अंतरावर त्याला पहिला सुरुंग सापडला. उभी गर्दी एकदम मटकन खाली बसली. दुसरा त्याच्या पुढ्यात होता, चौथं पाऊल जिथे पडलं असतं त्याच्या जरासा पलीकडे. पाऊल नेमकं कुठे पडलं असतं ते कुणाला सांगता येत नव्हतं.

फॉस्तिनो बाहेर आला तेव्हा त्याचे पाय वळत नव्हते. बिबियानाने त्याला धरलं. तेवढ्यात पोलिसांनी दुसऱ्या बाजूने धरलं.

यानंतर जे झालं ते छावणीत अजूनही वाद घालून सांगितलं जातं. फॉस्तिनोवर खटला भरला. पाट्या काढल्याचा, खोटी सही केल्याचा, सरकारी पैशाचा. कंपनीचं नाव खटल्यात आलं नाही. व्हालेंतिमसाहेबांची बदली लुआंडाला झाली, आणि तिथे त्यांना आधीपेक्षा मोठी खुर्ची मिळाली असं म्हणतात. पाहुण्यांच्या संस्थेने चौकशी होईपर्यंत सगळाच पैसा थांबवला. चिवांदाचाच नाही, पठारावरच्या सगळ्या कामांचा. दवाखान्याच्या भिंती छातीइतक्या होऊन राहिल्या. पुलाचे खांब नदीत उभे राहिले, वर पूल नाही. त्या पावसाळ्यात छावणीतल्या लोकांनी मोडलेल्या झोपड्या पुन्हा बांधल्या आणि दुसऱ्याच्या शेतात मजुरी केली. भुकेच्या महिन्यांत कुणी कुणी बिबियानाला बघून तोंड फिरवायचे. एकीने तर सरळ विचारलं, "एक-दोघांचे पाय गेले असते, पण बाकीचं गाव तर उभं राहिलं असतं की नाही?" बिबियाना पाण्याची घागर घेऊन पुढे गेली. तिच्याकडे उत्तर नव्हतं असं नाही. पण विचारणारीच्या पोरीने त्या दिवशी ओळीत सर्वात पुढे भोपळा धरला होता, आणि त्याची तिला आठवण करून देण्याइतकी निर्दय बिबियाना नव्हती.

न्गेव्हे आजीने मात्र कधी विषय काढला नाही. बकरीला करडू झालं तेव्हा ते आणून सेलिनाच्या मांडीत ठेवलं, एवढंच.

घर सरकारने ताब्यात घेतलं. ओदेत दोन्ही पोरांसह छावणीत राहायला आली. बिबियानाच्या शिवणयंत्रावर आळीपाळीने दोघी बसत. मोठा मुलगा शाळेत मारामारी करून यायचा, कारण पोरं त्याला 'सुरुंग' म्हणायची.

तुरुंग प्रांताच्या शहरात होता. रविवारी आतल्या माणसाला जेवण नेलं नाही तर तो उपाशी राहायचा. बिबियाना ट्रकवाल्यांच्या हातापाया पडून दर रविवारी जायची. कधी रताळी, कधी भोपळ्याच्या पानांची भाजी आणि पिराव. फॉस्तिनो वाळला होता. पहिल्या काही भेटींत तो नुसता जेवायचा आणि भांडं पुसून परत द्यायचा.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत एका रविवारी तिने त्याला बातमी सांगितली. चौकशी संपली होती. तीच शेजारच्या तालुक्यातली तुकडी चिवांदाला आली होती. उतारावर तंबू ठोकले होते, लाल पाट्या पुन्हा लावल्या होत्या, आणि रोज सकाळी माणसं पालथी पडून सरकत होती. झऱ्याच्या वाटेवरच सतरा सापडले होते. शेतांना अजून बराच वेळ लागेल म्हणत होते.

फॉस्तिनोने घास खाली ठेवला. "लोक काय म्हणतात?"

"काय म्हणणार? शिव्या देतात. तुलाही, मलाही. मग रस्त्यावर उभे राहून दिवसभर त्या माणसांकडे बघत बसतात."

"ओदेत?"

"ती येणार नाही म्हणाली. धाकट्याने चित्र काढून दिलंय, पण दारावरच्या शिपायाने ठेवून घेतलं. संध्याकाळी देतो म्हणाला. देतो की नाही, देव जाणे."

तो जाळीकडे वळला. मग म्हणाला, "बिबी, एक विचारू? त्या दिवशी सेलिना घरी आली असती, ड्रायव्हरने तिला बरोबर आणलं असतं, तर तू गेली असतीस का मागच्या दाराने?"

प्रश्न तिनेही स्वतःला विचारला होता. छावणीत, ट्रकवर, शिवणयंत्रावर बसून. "मला तू सांगितलंच नसतंस," ती म्हणाली. "आणि मी जेवून, ओदेतच्या पोरांचे कपडे शिवत बसले असते."

फॉस्तिनोने मान खाली घातली. बाहेर शिपायाने वेळ संपल्याचं सांगायला दांडा गजांवर आपटला.

"खा," बिबियाना म्हणाली. "गार होतंय. आणि भांडं आज पुसू नकोस, मी घरी धुते."